तंबोऱ्याच्या गावी आठ दिवस

गेल्या मार्गशीर्षात मिरजेस आठ दिवस राहण्याचा योग आला. मिरज हे काही तीर्थक्षेत्र नव्हे, आणि प्रवासाची हौस असणाऱ्या मंडळींत माझी गणनाही होत नाही. आजवर मिरज मला ठाऊक होती ती गाडी बदलण्याचे स्थानक म्हणून, आणि घरात कोणास कठीण दुखणे आले म्हणजे जावयाचे गाव म्हणून. १८९४ साली डॉक्टर वॉन्लेस यांनी तेथे रुग्णालय काढल्यापासून या गावाची दुसरी ख्याती महाराष्ट्रभर झाली आहे. परंतु या खेपेस आमच्या घरचे आजारी माणूस निराळेच होते. ते होते माझ्या पत्नीचा तंबोरा.

हा तंबोरा तिच्या वडिलांनी लग्नापूर्वी तिला मिरजेहूनच आणून दिला होता. ती गेल्यास आता नऊ वर्षे झाली. तेव्हापासून तो माजघरातल्या खुंटीला गवसणीत लटकत होता. दिवाळीची झाडलोट करिताना तो कोणाच्या तरी हातून निसटला आणि भोपळ्यास वीतभर चीर गेली. थोरल्या मुलाचे म्हणणे पडले की, आता याचा काही उपयोग नाही. नातीला गाणे शिकावयाचे आहे तर तेवढ्यापुरता तंबोरा हल्ली पेटीतून मिळतो, नव्हे खिशातल्या फोनमधूनही मिळतो. हे खोटे नव्हे. बंगळूरास १९७९ साली विजेवर चालणारा तंबोरा प्रथम तयार झाला, आणि आज गायनाचे वर्ग बहुधा त्यावरच चालतात. त्याला खुंटी पिळावी लागत नाही, तार तुटत नाही, आणि तो खाली पडला तरी कोणाच्या डोळ्यांत पाणी येत नाही. मी त्यावर काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी गवसणी खांद्यास लावून कऱ्हाडच्या स्थानकावर गेलो.

तंबोरा घेऊन आगगाडीत बसणे म्हणजे लहान मुलाला घेऊन बसण्यासारखे आहे. गर्दीतही लोक त्याला जागा करून देतात. किर्लोस्करवाडी गेली, भिलवडी गेली. दोहों बाजूंस ऊसच ऊस होता. एका वारकऱ्याने गवसणीवरून हात फिरविला आणि, "वीणा का हो?" म्हणून विचारले. तंबोरा आहे असे सांगताच तो म्हणाला, "भोपळा तर आमच्याकडचाच असणार." हे गृहस्थ मंगळवेढ्याकडचे होते. त्यांच्या बोलण्याचा अर्थ मला पुढे दोन दिवसांनी कळला.

माझे एक मावसबंधू मिरजेच्या ब्राह्मणपुरीत राहतात. त्यांच्या घरी बिऱ्हाड ठेवून संध्याकाळी मी सतारमेकर गल्लीत गेलो. गल्ली लहानशीच आहे. दुकानांच्या छपरांस भोपळे टांगलेले. कोणी दांडी घाशीत आहे, कोणी तारा ओढीत आहे. लाखेचा आणि लाकडाच्या भुशाचा एक मिश्र वास सगळीकडे भरून राहिलेला. मी ज्या दुकानात शिरलो तेथील वृद्ध कारागिरांनी माझ्याकडे न पाहता प्रथम तंबोऱ्याकडेच पाहिले. गवसणी काढून, भोपळ्यावर बोटाने टिचकी मारून त्यांनी कान लावला. मग तबलीच्या कडेवरून नख फिरविले आणि म्हणाले, "गुरुजी, हा आमच्या गल्लीतलाच आहे. चीर बुजेल. पण तबली उघडावी लागेल. आठ दिवस ठेवा."

मी गुरुजी आहे हे यांनी कशावरून ओळखले, ते मी विचारले नाही. छत्तीस वर्षे खडू धरल्याची खूण मनुष्याच्या अंगावर कोठे तरी उमटतच असावी. तंबोरा ठेवून परत जाण्याचा माझा विचार होता. परंतु दुसऱ्या दिवशी सहज म्हणून गेलो, आणि पुढे रोजच जाऊ लागलो.

या धंद्याची कुळकथा मिरजेत पुष्कळ जण सांगतात. आज सतारमेकर म्हणून ओळखली जाणारी ही घराणी मूळची शिकलगारांची. तलवारी, भाले, बर्च्या घडविणे आणि त्यांस धार लावणे हा त्यांचा पिढीजात उद्योग. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि हळूहळू शस्त्रांचे काम उरले नाही. मिरजेचे संस्थानिक पटवर्धन हे गाण्याचे शौकीन. दरबारी गवई-बजवय्ये येत, आणि त्यांची वाद्ये दुरुस्त करणारे हात या भागात नव्हते. तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेब शिकलगार यांनी हे काम अंगावर घेतले. मोडलेली वाद्ये उघडून, त्यांची रचना पाहून ते स्वतः नवीन करू लागले. ज्या हातांनी धार लावावयाची त्या हातांनी सूर लावू लागले, असे मिरजकर अभिमानाने म्हणतात. मला यातील अलंकारापेक्षा वस्तुस्थितीच अधिक विचार करण्याजोगी वाटली. धंदा बुडाला म्हणून हात बुडाला नाही. पोलादाची कड किती घासावी हे ज्या बोटांस कळत होते, त्यांनाच घोडीचा माथा किती घासावा हे कळू शकले.

आता हे वाद्य होते कशाचे? आमच्या वृद्ध कारागिरांच्या दुकानात बसून मी हा पाठ पहिलीतल्या मुलाप्रमाणे घेतला. तंबोऱ्याचा पोटाकडचा भाग म्हणजे भोपळा. हा खाण्याचा नव्हे, कडू. कडूपणामुळे त्याला कीड लागत नाही असे कारागीर सांगतात. तो येतो पंढरपूर-मंगळवेढ्याकडून, भीमेच्या काठच्या शेतांतून. वेलीवर फळ मोठे होत असता शेतकरी त्याला बसते करितो, मधून मधून फिरवितो, म्हणजे ते एका अंगाने चपटे होत नाही. मग ते चांगले जून होऊन वाळले म्हणजे मिरजेस येते आणि माळ्यावर महिनोन्‌महिने पडून राहते. पुरुषाच्या तंबोऱ्यास मोठा भोपळा, स्त्रीच्या तंबोऱ्यास लहान. वापरण्याच्या वेळी तो पाण्यात भिजवून मऊ करितात, कापून आतील वाळका गर व बिया काढितात, आणि तोंडाच्या आत काठ्यांचे ताण बसवून ठेवितात. पुन्हा वाळला की तो तोच आकार धरून बसतो. गाडीतल्या त्या वारकऱ्याचे बोलणे आता मला उमगले. त्याच्या गावचा वेल माझ्या घरच्या खुंटीवर इतकी वर्षे लटकत होता, आणि मला त्याची वार्ता नव्हती.

दांडी आणि तबली तुणीच्या लाकडाची. हे झाड आपल्या सह्याद्रीत होते. कारागिरांस लाकूड मुख्यतः कर्नाटकातील रानांतून मिळते. रंगाने तांबूस, वजनाने हलके, ताजे कापले असता सुगंधी. ते सुकण्यास वेळ द्यावा लागतो. ओल्या लाकडाची तबली पुढे वाकते आणि तारांची उंची बिघडते. जोडकामास पूर्वी सरस वापरीत, आता बाजारातला तयार डिंक आला आहे. वरून लाख स्पिरिटमध्ये विरघळवून फडक्याच्या बोळ्याने पुन्हा पुन्हा चढवितात. घोडीस पूर्वी हस्तिदंत किंवा सांबरशिंग असे. वन्य प्राण्यांच्या रक्षणाचे कायदे झाल्यापासून ते बंद झाले आणि उंटाचे हाड किंवा कठीण काळे लाकूड त्या जागी आले. तारा चार: एक पंचमाची, दोन षड्जाची जोडी, आणि पितळेची खर्जाची. एवढे हे सगळे भांडवल. नदीकाठचा वेल, डोंगरातले झाड, किड्यांची लाख, जनावराचे हाड. यांतील एकही वस्तू गाणारी नाही.

येथे मला स्वतःची एक लाजिरवाणी गोष्ट सांगितली पाहिजे. लहानपणी वाईस पाठशाळेत असताना मी अमरकोश मुखोद्गत केला होता. त्यात भोपळ्यास 'तुम्बी' आणि 'अलाबू' अशी नावे आहेत. तुणीस 'तुन्न' आहे, 'नन्दिवृक्ष' आहे. ही नावे मी आजही झोपेतून उठून म्हणून दाखवीन. परंतु कारागिरांनी दोन फळ्या माझ्यापुढे टाकून, "यांतली तुणी कोणती, सांगा पाहू," म्हणून विचारले तेव्हा मी नेमकी चुकीची फळी उचलली. दुकानात कामाला असलेला पोरगा तोंड फिरवून हसला. तंबोरा हे नाव तुंबरु गंधर्वावरून पडले असे मी वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो. ते फारसी 'तंबूर' शब्दापासून आले असावे असे भाषापंडित म्हणतात, हेही मला फार उशिरा समजले. शब्द माहीत असणे म्हणजे वस्तू माहीत असणे, अशी आम्हां पढिकांची एक भाबडी समजूत असते.

चौथ्या दिवशी मी गेलो तेव्हा तो पोरगा एका नव्या दांडीवर काम करीत होता. त्याच्या हातात रंधा नव्हता, कानसही नव्हती. फुटक्या काचेचा एक तुकडा होता. त्याची कड किंचित तिरपी धरून तो लाकडावरून ओढीत होता, आणि कागदापेक्षा पातळ अशी भुरभुर खाली पडत होती. ते पाहिले मात्र, आणि मी जागच्या जागी थबकलो.

तीस एक वर्षांपूर्वीची गोष्ट. मी ज्या शाळेत होतो तेथे सातवीच्या वर्गात मिरजेचा एक मुलगा मामाकडे राहून शिकत असे. अभ्यासात बेताचा. एकदा मी व्याकरण शिकवीत असता त्याचे लक्ष खाली आहे असे दिसले. जवळ जाऊन पाहतो तो, बाकाची खरबरीत कड तो काचेच्या तुकड्याने घाशीत बसला होता. मी त्याच्या हातावर छडी मारली आणि म्हणालो, "हेच करावयाचे असेल तर जा, जन्मभर भोपळे कोरीत बस. शाळेत कशाला येतोस?" वर्ग हसला. तो मुलगा रडला नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो परत आला नाही, आणि मीही चौकशी केली नाही. वर्ग संपल्यावर मी त्या बाकावरून हात फिरविला होता, हे मात्र मला नीट आठवते. हातभर कड आरशासारखी गुळगुळीत झाली होती.

मी ही हकीकत वृद्ध कारागिरांस सांगितली. त्या मुलाचे नाव सांगून, तो आता कोठे असेल, असेही विचारले. ते थोडा वेळ तार पुसत राहिले. मग म्हणाले, "त्या नावाची चार तरी मुले या गल्लीत झाली असतील, गुरुजी. कोणी पुण्यास गेला, कोणी कुपवाडला कारखान्यात लागला. कोणता तुमचा, कसे सांगू?" आणि नंतर हसून म्हणाले, "छडीचे एवढे मनास लावून घेऊ नका. काच उलटी धरली म्हणून माझ्या बापाने मला याहून जास्त मारले आहे."

त्यांनी थट्टेने वेळ निभावून नेली. तेवढा त्यांचा मोठेपणा. परंतु दोन मारांत जो भेद होता तो मी जाणून होतो. त्यांच्या वडिलांनी मारले ते विद्या नीट यावी म्हणून. मी मारले ते ती विद्याच नव्हे म्हणून.

ती विद्या आहे की नाही, याची प्रचीती सहाव्या दिवशी आली. चीर भरून झाली होती. आतून सरसात भिजविलेले कापड बसविले होते, वरून भुसा-सरसाची लुकण भरून रंग मिळविला होता, तबली परत चढली होती. आता राहिली जवारी. वाचकांपैकी ज्यांच्या घरी तंबोरा आहे त्यांस ठाऊकच आहे की, घोडीचा माथा सपाट नसतो. तो पुढे किंचित उतरता असतो. तार त्या उतारास अगदी निसटती स्पर्शत कंप पावते. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक धागा सरकवितात, आणि तो योग्य जागी आला की एकाएकी बंद आवाज उमलतो. एका तारेतून अनेक स्वर निघू लागतात. हा उतार किती असावा याचे माप कोठेही लिहिलेले नाही. कारागीर दोनदा कानस फिरवितात, तार चढवितात, ऐकतात, उतरवितात, पुन्हा एकदा फिरवितात. त्या दिवशी दुपारी दोन वाजल्यापासून दिवेलागणीपर्यंत हेच चालले होते. मला प्रत्येक वेळचा आवाज सारखाच वाटे. त्यांना तो दर वेळी निराळा ऐकू येत होता.

या जवारीचे शास्त्र १९२१ साली कलकत्त्यास चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी प्रथम मांडले. पुढे ज्यांना नोबेल पारितोषिक मिळाले तेच हे रामन. तार ज्या बिंदूस छेडावी तेथे ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू येतो, तो उपस्वर उमटू नये, असा युरोपीय शास्त्राचा नियम. तंबोऱ्यावर आणि वीणेवर मात्र तो स्पष्ट ऐकू येतो, आणि याचे कारण वक्र घोडी हेच, असे त्यांनी दाखविले. म्हणजे जो नियम आपल्या घोडीवर मोडतो हे पंडितांनी १९२१ साली लिहिले, तो मोडण्याची युक्ती शिकलगारांच्या बोटांत त्याआधी साठ-सत्तर वर्षे, आणि उत्तरेकडील कारागिरांच्या बोटांत त्याहूनही पूर्वीपासून होती. रामन यांचा मोठेपणा असा की, त्यांनी ती युक्ती पाहून मान डोलाविली. मी पाहून छडी उगारली.

शेवटच्या संध्याकाळी मी ख्वाजा शमना मीरा यांच्या दर्ग्यात गेलो. त्याच आवारात अब्दुल करीम खाँ यांची कबर आहे. किराण्याचे हे गवई अखेरीस मिरजेचे झाले. वाद्ये दुरुस्त करण्यातही त्यांचा हातखंडा होता असे सांगतात. १९३७ च्या ऑक्टोबरात मद्रासेकडून पाँडिचेरीस जात असता वाटेत प्रकृती बिघडली म्हणून ते एका लहानशा स्थानकावर उतरले, फलाटावर तंबोरा लावावयास सांगितला, आणि गात गातच त्यांनी देह ठेवला अशी हकीकत आहे. त्यांचा देह मिरजेस आणून येथे दफन केला. दरवर्षी त्यांच्या स्मरणार्थ दर्ग्यात गाणे होते. मोठमोठे गवई येऊन हजेरी देतात. मी गेलो तेव्हा आवारात शांतता होती. दोन मुले पायरीवर बसून फोनवर काही पाहत होती. मनात आले की, शेवटच्या घटकेस ज्याची आठवण झाली तो तंबोरा कोणी तरी घासला असेल, कोणी तरी त्याची जवारी काढली असेल. त्याचे नाव कोणी विचारले नाही.

२०२४ साली मिरजेच्या सतारीस आणि तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळाले. आता दुसऱ्या कोणास मिरजेचे नाव लावून माल विकता येणार नाही. गल्लीतल्या लोकांस याचा आनंद आहे, आणि तो रास्तच आहे. परंतु आमचे वृद्ध कारागीर म्हणाले, "नाव राहिले हे चांगले झाले. पण माझा नातू कारखान्यात आहे. महिन्याच्या महिन्याला पगार येतो. त्याला इथे बस म्हणून मी कोणत्या तोंडाने सांगू?" भोपळ्याचे शेतकरीही उसाकडे वळत आहेत, अवकाळी पाऊस झाला की फळ हाती लागत नाही, चांगली तुणी महाग झाली आहे. हे सगळे खरे; तरी वेल पुन्हा लावता येईल आणि झाडही लावता येईल. काच तिरपी किती धरावी हे मात्र शेजारी बसल्यावाचून कोणास येत नाही, आणि शेजारी बसणारे दरसाल कमी होत आहेत. त्यांस तेथून उठविण्यात आम्हां शाळामास्तरांचाही हात आहे. मुलाने शिकू नये असे मी म्हणत नाही. शिकला म्हणजे हाताचे काम हलके, ही जी दुसरी गोष्ट आम्ही पहिलीच्या पोटात घालून शिकविली, तिच्याविषयी मी बोलतो आहे.

निघताना तंबोरा माझ्या हाती देण्यापूर्वी त्यांनी दांडीवर एका जागी बोट ठेवले. तेथील लाख उडून लाकूड उघडे पडले होते. "इथे बाईंचा हात असायचा," ते म्हणाले. "बाकी सगळीकडे नवे पॉलिश मारले. एवढे विचारून मारावे म्हणून ठेवले." मी म्हटले, "नको. असू द्या." त्यांनी मान हलविली आणि गवसणीची नाडी बांधली.

नातीचे गाणे आता सुरू झाले आहे. वर्गात ती पेटीवरच गाते. तेथे दुसरी सोय नाही. घरी मात्र सकाळी दहा मिनिटे ती नुसता तंबोरा लावीत बसते, आणि त्या उघड्या जागेवरच तिचा हात आपोआप पडतो. मी शेजारी बसतो. खुंटी पिळून मणी सरकवावयाचा आणि पंचम मिळाला की थांबावयाचे, एवढाच माझा सध्याचा पाठ आहे. मिळाला असे मला वाटते तेव्हा ती म्हणते, "नाही आजोबा, अजून थोडा." मग मी पुन्हा मणी सरकवितो.